डाव्या खांद्याखालची तार

हौसेराव शेलारांना बारा दिवसांत सात झटके बसले होते, आणि आठवा कधी बसेल या धास्तीने ते तपासणीच्या खुर्चीत पाठ न टेकता बसले होते. डावा हात त्यांनी जुन्या पातळाच्या पट्टीने छातीशी करकचून बांधून घेतला होता. हात हलला की झटका बसतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"म्याडम, हे काढून टाका," ते म्हणाले. "मरायचं तवा मरंल माणूस. पर हे न्हाई सोसत. छातीच्या आतनं म्हशीनं लाथ घालावी तसं हुतं."

"बारा दिस डोळ्याला डोळा न्हाई," त्यांची बायको राहीबाई शेजारून म्हणाली. "भितीला टेकून बसत्यात. मला बी शिवू देत न्हाईत."

संघमित्रा तांबेने पट्टीची गाठ सोडायला हात पुढे केला, तसा हौसेरावांनी खांदा मागे घेतला. ती थांबली. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून, वर दोन वर्षांचा कोर्स करून ती जुईनगरजवळच्या या इस्पितळात लागली, त्याला आता दीड वर्ष झालं होतं. ज्यांच्या छातीत यंत्र बसवलंय त्यांच्या यंत्राला संगणक जोडायचा आणि आत काय घडलं ते वाचायचं, हे तिचं काम. माणसं घाबरलेली असतात याची तिला सवय होती. पण पंचावन्न वर्षांचा, एवढ्या रुंद खांद्यांचा माणूस असा आक्रसून बसलेला तिने पाहिला नव्हता.

यंत्र चार वर्षांपूर्वीचं. हार्ट अॅटॅक येऊन गेल्यावर हौसेरावांच्या हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला होता. असं हृदय कधी अचानक धडधडायचं सोडून नुसतं थरथरायला लागतं आणि माणूस दोन-चार मिनिटांत जातो. म्हणून डाव्या हसळीखाली, गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र ठेवलेलं. त्यातून निघालेली तार शिरेतून थेट हृदयात. थरथर सुरू झाली की यंत्राने ती ओळखायची आणि दहा सेकंदांत आतून विजेचा झटका द्यायचा. चार वर्षं यंत्र गप्प होतं. आता बारा दिवसांत सातदा बोललं होतं. ते खरं बोललं की खोटं, एवढंच संघमित्राला शोधायचं होतं.

तिने संगणक जोडला आणि पहिली नोंद उघडली. पडद्यावर दोन रेघा. वरची रेघ म्हणजे तारेच्या टोकाला जे ऐकू येतं ते. खालची रेघ म्हणजे तेच हृदय दुरून, अख्ख्या छातीतून ऐकलेलं. हृदय खरंच थरथरत असेल तर दोन्ही रेघा बेताल होतात. इथे वरची पिसाळलेली होती आणि खालची शिस्तीत चालली होती, मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके. यंत्र ठोके मोजतं ते वरच्या रेघेवर. तारेतल्या खरखरीला ते थरथर समजलं होतं आणि धडधाकट चालणाऱ्या हृदयाला त्याने लाथ घातली होती.

दुसरी नोंद तशीच. तिसरी तशीच. चौथीही.

"तार तडकलीय," ती म्हणाली. "हृदय ठीक आहे, काका. झटके खोटे आहेत."

हौसेराव तिच्याकडे बघत राहिले.

पण संगणकाने तार तपासली तर ती धड निघत होती. एक्स-रेतही चीर दिसेना. मग खरखर येते कुठून आणि कधी? संघमित्राने सातही नोंदींच्या वेळा एका कागदावर उतरवल्या. सात वाजून वीस. आठ पाच. दहा चाळीस. सहा नोंदी सकाळी सात ते अकराच्या मधल्या. एकच दुपारची.

"काका, सकाळी सात ते अकरा तुम्ही काय करता?"

"मार्केटात असतो. वाशीला. कांदा-बटाटा."

"म्हणजे काम काय?"

"बसतो. गोण्या मोजतो. डॉक्टरांनी सांगितलं व्हतं की, उचलायचं न्हाई."

राहीबाईने मान वळवून भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. संघमित्राने ते पाहिलं.

"काकू, हे खरं सांगतायत का?"

"मला काय ठावं," राहीबाई म्हणाली. "मी बाजारात जात न्हाई. पर मोजणाऱ्याच्या सदऱ्याला खांद्यावर भोकं पडत न्हाईत, एवढं ठावं हाय."

 हौसेराव म्हणाले, "नऊ जणांची टोळी हाय आमची, म्याडम. सगळी जावळीकडची, एकमेकांच्या गावची. एक बसला की त्याची गोणी दुसऱ्याच्या पाठीवर. बाजीराव मुकादम काय बोलत न्हाई, पर त्याची पोरं बघत्यात. वर्षभर बसलो. मग लागलो उचलाय."

"कुठल्या खांद्यावर घेता?"

"डाव्या. उजव्या हातात गोणी वढायचा हूक असतो न्हवं."

संघमित्राने कपाटातून त्यांची चार वर्षांपूर्वीची फाइल काढली. शस्त्रक्रियेआधीच्या फॉर्मवर रीतसर प्रश्न होता, रुग्ण उजवा की डावखुरा. उत्तर होतं, उजवा. म्हणून यंत्र डावीकडे. प्रत्येकाला हाच प्रश्न विचारतात आणि तो बरोबरच असतो. हमालाला मात्र खांद्याचं विचारायला हवं होतं, आणि ते कुणाला सुचलं नव्हतं. तीन वर्षं पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या हौसेराव नेमक्या त्या जागी टेकवत होते जिथे हसळी आणि पहिली बरगडी यांच्यामधून ती तार जात होती.

आता फक्त सिद्ध करायचं राहिलं. तिने आधी यंत्राचं झटके देणं बंद केलं आणि तसं त्यांना दोनदा सांगितलं. मग सलाइनच्या बाटल्यांचा भरलेला खोका आणवला. हौसेरावांनी पट्टी सोडली, राहीबाईचा हात धरून उभे राहिले, आणि खोका डाव्या खांद्यावर घेतला. घेतला तो इतक्या सराईतपणे, की घाबरलेला माणूस क्षणभर दिसेनासाच झाला.

वरची रेघ काळीकुट्ट झाली. खालची शांत. खोका उतरवला, दोन्ही शांत. पुन्हा घेतला, पुन्हा काळी.

संघमित्राला आनंद झाला. पुस्तकात ज्याचं एका ओळीत वर्णन असतं ते तिने एका खोक्याने पडद्यावर आणून दाखवलं होतं. तिने मोबाइलने पडद्याचा फोटो काढला.

"पर ताई," राहीबाई म्हणाली, "रविवारी मार्केट बंद व्हतं. हे तर जेवाय बसलेलं. हातातला घास तसाच, आन्‌ डोळं फिरवून—"

"काकू, एकदा तार तडकली ना, की नुसता हात ताटाकडे नेला तरी खरखर येते. सुरुवात गोणीने होते, मग साध्या हालचालीनेही."

हे पुस्तकाप्रमाणे खरं होतं. 

त्या विभागात एक रीत पडून गेली होती. यंत्रं बसवणारे डॉक्टर अरविंद दिवसभर शस्त्रक्रियेत असायचे. टेक्निशियनने सगळ्यात बोलका एक फोटो त्यांना पाठवायचा, ते मधेच हातमोजा काढून बघायचे आणि फोन करायचे. दीड वर्षात संघमित्राचा एकही फोटो चुकीचा निघाला नव्हता.

"सुंदर पकडलंस," ते फोनवर म्हणाले. "सगळे सात असेच?"

तिने चार उघडले होते. उरलेल्या तिन्हींच्या नुसत्या वेळा पाहिल्या होत्या.

"सगळे, सर."

"म्हणजे चार वर्षांत खरा एकही नाही. मग झटके बंदच ठेव. आज मॉनिटरचा बेड नाहीये. परवा सकाळी दाखल करू, तार बदलू. तोवर घरी झोपून राहू दे."

हौसेरावांना तिने तसं सांगितलं. ते उठले आणि जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डावा हात. सकाळी तो त्यांनी पट्टीने छातीशी बांधून आणला होता.

दुपारी एकच्या सुमारास ती अहवालासाठी सातही नोंदी छापायला बसली. पाचवी छापली. सहावी उघडली.

दोन्ही रेघा बेताल होत्या.

तिने पडद्यावरची तारीख पाहिली. रविवार, दुपारी एक वाजून बावन्न. आधी सरळ चाललेले ठोके, मग एक अवेळी ठोका, आणि तिथून पुढे वर-खाली दोन्हीकडे नुसता गढूळ थरकाप, नऊ सेकंद. मग झटका. मग पुन्हा ठोके. ताटाकडे नेलेल्या हाताचा इथे काही संबंध नव्हता. घास हातात असताना माणूस मरायला लागला होता आणि यंत्राने त्याला परत आणलं होतं. तेच यंत्र तिने सकाळी साडेदहाला बंद करून त्याला घरी पाठवलं होतं.

तिने घाईने सातवीही उघडली; ती पाचवीसारखीच, खोटी होती. तिने फाइलवरचा नंबर लावला. कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा राहीबाईने अगदी हळू आवाजात घेतला.

"झोपल्यात, ताई. घोरत्यात बी. कवाधरनं असं झोपलं नव्हतं माणूस."

"काकू, त्यांना उठवून घेऊन या. लगेच. यंत्र परत चालू करावं लागेल."

 "आत्ताच तर बंद केलं न्हवं," राहीबाई म्हणाली. "न्हाई येणार ते."

डॉक्टर अरविंदांना तिने शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं. ते ओरडले नाहीत. "चार बघितलेस?" एवढंच विचारलं, आणि मग, "तू जा. अॅम्ब्युलन्स घे, संगणक घे. घरीच चालू कर आणि घेऊन ये. बेड मी करतो."

झटका द्यायचं मशीन असलेली अॅम्ब्युलन्स खांदेश्वरच्या एका पेशंटकडे गेली होती. उरली होती ती साधी. स्ट्रेचर, ऑक्सिजन आणि ठोके दाखवणारा एक छोटा मॉनिटर. चालक सिताराम घणसोलीचाच होता.

"कोनाचा घर हाय बाय?" त्याने विचारलं. संघमित्राने पत्ता सांगितल्यावर म्हणाला, "गावात गारी जानार नाय. तलावाजवल लावतो. तिथशी चालत."

उंच इमारतींच्या मागे गावठाणातली घरं एकमेकांना चिकटून उभी होती. दोन घरांमधली वाट एवढी अरुंद, की संगणकाची बॅग तिला पुढे धरावी लागली. लोखंडी जिना, वर पत्र्याची खोली. हौसेराव सतरंजीवर उताणे झोपले होते, डावा हात डोक्याखाली घेऊन. छाती वर-खाली होत होती. 

राहीबाईने त्यांना हलवून उठवलं. त्यांनी संघमित्राला पाहिलं, बॅग पाहिली, आणि ते भिंतीकडे सरकले.

"काका, माझी चूक झाली," ती म्हणाली. "सहा झटके खोटे होते. रविवारचा खरा होता. मी तो उघडून बघितलाच नाही आणि सगळे खोटे म्हणून सांगितलं. काकू सांगत होत्या, तेही ऐकलं नाही."

"मग ऱ्हाऊ दे खरा," हौसेराव म्हणाले.

"परत तसं झालं आणि यंत्र बंद असलं तर तुम्ही जाल."

"झोपेत जाईन की."

"काका."

"तुमी कंदी खाल्लाय का झटका? मग बोलू नका."

ती त्यांच्यासमोर खाली बसली. यंत्र चालू केलं तर गाडीच्या एखाद्या धक्क्याने तार खरखरेल आणि खोटा झटका बसेल, हे ते चुकीचं म्हणत नव्हते. तिने बॅगेतून कड्यासारखं गोल, जड लोहचुंबक काढलं.

"हे यंत्रावर धरलं की ते झटका देत नाही. धरलंय तोवर नाही. मी इस्पितळापर्यंत हे हाताने धरून बसते."

"धरून बसाल?"

"हो."

"काढणार न्हाई? शब्द द्या."

खरी थरथर आली तर तिला ते काढावंच लागणार होतं, त्यासाठीच तर यंत्र चालू करायचं होतं. हे आता सांगितलं तर हा माणूस जागचा हलणार नाही, हेही तिला दिसत होतं. घड्याळात दोन वाजून गेले होते.

"दिला," ती म्हणाली.

तिने यंत्र चालू केलं आणि त्याच क्षणी चुंबक हसळीखाली ठेवलं. जिना उतरताना ती उलट्या पावलांनी, एक हात त्यांच्या छातीवर ठेवून उतरली. गाडीत राहीबाई पुढे सितारामशेजारी बसली. संघमित्राने मॉनिटरच्या तीन तारा हौसेरावांच्या छातीला चिकटवल्या आणि शेजारच्या फळीवर बसून चुंबक दाबून धरलं. गाडी ठाणे-बेलापूर रस्त्याला लागली.

हौसेरावांनी डोळे मिटले होते. "तुमचं गाव कुठलं?" त्यांनी मधेच विचारलं.

"वडलांचं मंडणगडकडे. मी इथलीच."

"लगीन?"

"नाही अजून."

"अशी हात धरून बसली तर लोक काय म्हनतील," ते म्हणाले, आणि बारा दिवसांत प्रथमच त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

कोपरखैरण्याच्या सिग्नलला गाडी उभी होती तेव्हा मॉनिटरवरची रेघ फुटली. गाडी हलत नव्हती, त्यांचा हात पोटावर स्थिर होता. मॉनिटर छातीवरून ऐकत होता, त्याला तारेची खरखर ऐकू येण्याचं कारण नव्हतं. एवढं सगळं कळायला तिला तीन सेकंद लागले, कारण सकाळी ती चुकली होती. हौसेरावांचे डोळे वर गेले. तिने चुंबक उचललं आणि मोजायला लागली. सहा. सात. आठ. नऊ.

त्यांचं अंग स्ट्रेचरवरून उडालं. रेघेत पुन्हा ठोके आले. हौसेराव मोठ्याने ओरडले, शब्द नसलेलं काहीतरी, आणि त्यांनी डोळे उघडून तिचा रिकामा हात पाहिला.

"काढलं तुमी," ते म्हणाले.

तिने काही म्हणायच्या आत त्यांनी उजव्या हाताने तिचं मनगट पकडलं आणि चुंबकासकट तिचा पंजा आपल्या छातीवर दाबून धरला. पस्तीस वर्षं हूक धरलेला हात होता तो. तिने सोडवून पाहिला. सुटेना.

"काका, खरा होता तो. परत आला तर मला काढू द्या. पाया पडते तुमच्या."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

दोन मिनिटांनी रेघ पुन्हा फुटली. तिने सगळा जोर लावून हात ओढला; पकड तशीच. मग तिला समजलं, की आता फक्त वाट बघायची. रक्त मेंदूला पोचेनासं झालं, की ही बोटं आपोआप सैल पडतील. तोवर नाही. हा माणूस बेशुद्ध पडावा म्हणून ती डोळे त्याच्या बोटांवर लावून बसली. पडला. तिने हात उचलला आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

झटका. ठोके. ओरडणं. पुन्हा तो हात आला आणि त्याने तिचं मनगट शोधलं.

"काय चाललंय मागं?" राहीबाईने पुढून काचेवर हात आपटत विचारलं. सितारामने भोंगा लावला आणि तुर्भ्याच्या पुलावर गाडी ट्रकांच्या मधून काढली.

तिसऱ्या वेळी पकड लवकर सुटली. चौथ्या वेळी हात तिच्या मनगटापर्यंत आला, पण त्यात जोर नव्हता. तो नुसता तिच्या हातावर पडून राहिला. ती आता मोठ्याने मोजत होती. इस्पितळाच्या दारात डॉक्टर अरविंद स्वतः उभे होते. ठोके चालू होते. त्यांनी तिथेच औषध टोचलं, नळी घातली आणि स्ट्रेचर आत पळवलं.

अतिदक्षता विभागात ठोके अडीच तास टिकले. मग थरथर पुन्हा आली आणि औषधांनी, बाहेरच्या मशीनने, कशानेच थांबली नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर अरविंद बाहेर आले आणि राहीबाईसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं.

मग ते संघमित्राकडे वळले. "यंत्र बंद कर आत जाऊन. बॉडी हलवताना नर्सना झटका नको." थोडं थांबून म्हणाले, "फोटोवर निर्णय मी घेतला. अहवालात तसं लिही."

"मी सगळे म्हणाले होते, सर."

"दोन्ही लिही."

ती आत गेली आणि काम करून बाहेर आली. राहीबाई बाकावर बसली होती. तिने संघमित्राला शेजारी जागा करून दिली. संघमित्राच्या उजव्या मनगटावर चार बोटांचे वळ काळे-निळे उमटले होते. राहीबाईने ते वळ बघितले.

"त्यांनी धरलंय हे?"

"हो."

"तुमी शब्द दिला व्हता."

"हो, काकू. देताना मला माहीत होतं, की मला काढावं लागेल. सांगितलं असतं तर ते आले नसते."

"नसतेच आले," राहीबाई म्हणाली. तिने पदर मांडीवर सारखा केला. तिच्या आवाजात राग नव्हता. ती हिशेब लावत असावी, असं वाटत होतं. "मग दुपारी घोरत व्हते, तसंच गेले असते. मी चहा टाकला असता, मग बघितलं असतं."

 तार परवा बदलली असती तर ते जगले असते का, यंत्र सकाळपासून चालू राहिलं असतं तर रेघ इतकी बिघडली असती का, हे संघमित्राला सांगता येत नव्हतं, आणि कुठल्याही नोंदीत ते सापडणार नव्हतं.

जिन्यावरून पाच-सहा माणसं वर आली. सगळ्यांच्या सदऱ्यांच्या खांद्यांवर मातीचे पट्टे. पुढचा, म्हातारा, बाजीराव मुकादम असावा. तो राहीबाईसमोर येऊन उकिडवा बसला.

"या पोरीला इचारा कसं झालं ते," राहीबाई त्याला म्हणाली. "ती सांगंल. ती संग व्हती."

बाजीरावने मान वर केली. मागची माणसंही थांबली. संघमित्राने मनगट ओढणीखाली घेतलं, मग पुन्हा बाहेर काढलं, आणि सकाळच्या खोक्यापासून सांगायला सुरुवात केली.